नाभींतील कस्तुरी, अथवा नव्या लॅपटॉपची नोंदणी

गेल्या दिवाळीच्या पाडव्यास, म्हणजे २२ ऑक्टोबर २०२५ रोजीं, आमच्या घरीं एक नवा लॅपटॉप आला. एकत्र कुटुंबांत नवी वस्तु आली म्हणजे जें जें होतें तें सर्व यथास्थित झालें. सूनबाईंनीं त्यास हळदकुंकू वाहिलें, धाकट्या नातवानें पेटींतील थर्माकोल पळविला, आमच्या बंधूंनीं पावती दोन वेळां वाचून किंमत अधिक पडली असा अभिप्राय दिला, आणि घरांतील वडील या नात्यानें तें यंत्र सुरू करण्याचा मान आम्हांस मिळाला. आम्हीं बटण दाबलें. पडदा उजळला, त्यानें देश विचारला, कळफलकाची भाषा विचारली, आणि पुढल्या प्रश्नावर तो अडून बसला. इंटरनेटला जोडा, एवढेंच त्याचें म्हणणें. पुढें जाईना, मागें येईना.

आमचें गांव गोंदिया जिल्ह्यांत, नागझिरा अरण्याच्या अगदीं कडेला आहे. आमच्या लहानपणीं हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. गोंदिया जिल्हा निराळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. नागझिऱ्यास अभयारण्याचा दर्जा १९७० सालीं मिळाला, आणि २०१३ सालीं नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाल्यापासून दूरदूरचे पाहुणे येथें वाघ पाहावयास येतात. साग, ऐन व बांबू यांचें दाट रान, बारमाही पाणी, रानगवे, अस्वलें, रानकुत्रे, सर्व कांहीं येथें आहे. नाहीं ती एकच गोष्ट, मोबाईलची रेघ! आमच्या माजघरांत दोन रेघा दिसल्या तर तो दिवस सुदिन समजावा. त्यांतून पाडव्याच्या सायंकाळीं वीजहि गेली.

"दादा, उगीच डोकेफोड कशाला?" बंधु म्हणाले. "तालुक्याच्या गांवीं एका दुकानदाराला फोन केला होता. म्हणतो, आणून द्या, ॲक्टिव्हेट करून देतों. पंधराशें रुपये पडतील."

आमची नात नागपुरास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकते. यंत्र तिच्यासाठींच घेतलें होतें, आणि सुटी संपवून रविवारीं तिला परत जावयाचें होतें. हातांत दिवस चार. बंधूंचें म्हणणें व्यवहाराचें होतें हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु "ॲक्टिव्हेट करून देतों" हे शब्द कानीं पडतांच आमच्या पोटांत गोळा आला. कारण चार वर्षांपूर्वीं हेच शब्द आम्हीं एका दुसऱ्या दुकानांत ऐकले होते, आणि त्यांची किंमत आम्ही अजून फेडीत आहों.

जुन्या यंत्राची कथा

२०१६ सालीं आम्ही प्राथमिक शाळेच्या नोकरींतून निवृत्त झालों. आमचें शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि वडिलांपाशीं बसून घोकलेलें थोडें संस्कृत. नोकरीच्या काळांत आम्हांस एक छंद जडला होता. वर्गांतील मुलें कधीं कधीं असा एखादा शब्द बोलून जात कीं जो क्रमिक पुस्तकांत सांपडावयाचा नाहीं. भाताच्या खाचरास 'बांधी', लावणीस 'रोवणी', रोपांस 'पऱ्हे'; हे झाडीबोलींतले शब्द. आम्ही त्यांचीं टिपणें करूं लागलों. मुलांना विचारावें, मुलांच्या आज्यांना विचारावें, रोवणीवर आलेल्या बायांना बांधावर उभें राहून विचारावें. वीस-बावीस वर्षांत वह्यांची थप्पी झाली. एका पावसाळ्यांत त्यांतील दोन वह्या वाळवीनें खाल्ल्या. तेव्हां उरलेल्या वांचवावयाच्या तर त्या संगणकांत उतरल्या पाहिजेत असें मनानें घेतलें, आणि निवृत्तीच्या पैशांतून आम्हीं एक लॅपटॉप विकत घेतला. एका बोटानें कळा दाबीत चार वर्षांत दोन हजारांवर शब्द, त्यांचे अर्थ, आणि ज्यांच्या तोंडून ते ऐकले त्यांचीं नांवें, असें सर्व आम्हीं उतरवून काढलें.

२०२१ सालीं यंत्र मंद झालें म्हणून तें दुरुस्तीस नेलें. दुकानदार गोड बोलणारा होता. "गुरुजी, फॉरमॅट मारावा लागेल. नवी विंडोज टाकतों, प्रो टाकतों, ॲक्टिव्हेट करून देतों." आमचीं टिपणें त्यानें आधीं बाजूस काढून मग पुन्हां जागच्या जागीं ठेविलीं, तेवढें मात्र इमानानें केलें. बाराशें रुपये घेतले. यंत्र भराभर चालूं लागलें, व आम्हीं त्यास आशीर्वाद दिला.

पुढल्या वर्षीं एके दिवशीं सकाळीं यंत्र उघडलें तों प्रत्येक टिपणाच्या नांवामागें एक विचित्र शेंपूट लागलेलें. एकहि टिपण उघडेना. पडद्यावर इंग्रजींत एक पत्र होतें. तुमचें सर्व लेखन आम्हीं कुलुपांत घातलें आहे, किल्ली पाहिजे असल्यास इतके डॉलर पाठवा, असा त्याचा आशय. आम्हीं पैसे पाठविले नाहींत. पाठवूनहि किल्ली मिळेल याचा भरंवसा नाहीं, असें जाणत्यांनीं सांगितलें. परंतु पैशाचें दुःख तें काय? संगणकांत उतरून झालेल्या बहुतेक वह्या, आतां यांचें काय काम, असें म्हणून आम्हींच रद्दींत घातल्या होत्या. ज्या म्हाताऱ्यांनीं ते शब्द सांगितले त्यांतील पुष्कळजणी आज हयात नाहींत. त्यांच्यामागें त्यांचें जें थोडेंसें आमच्या हवालीं राहिलें होतें, तें आमच्या हातून गेलें. यंत्र फडक्यांत गुंडाळून आम्हीं कपाटांत ठेवून दिलें, आणि तो विषय घरांत कोणीं काढावयाचा नाहीं असा न बोलतांच नियम झाला.

ॲक्टिव्हेशन म्हणजे काय?

पाडव्याच्या रात्रीं कंदिलाच्या उजेडांत आम्हीं ही हकीगत नातीस प्रथमच सविस्तर सांगितली. ती मुकाट्यानें ऐकत होती. शेवटीं म्हणाली, "आबा, त्या माणसानें तुम्हांला जें विकलें तें तुमच्याजवळ आधींपासूनच होतें." आम्हांस अर्थ कळेना. मग तिनें जें समजावून दिलें तें आमच्या वाचकांच्याहि उपयोगीं पडेल, म्हणून आमच्या भाषेंत येथें सांगतों.

संगणक म्हणजे नुसतें शरीर. त्यास चालविणारी जी मूळ कार्यप्रणाली, जिला बाजारांत ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती त्याचा प्राण. विंडोज ही अशीच एक प्रणाली, मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीची. पुष्कळ लॅपटॉपांत ती कारखान्यांतच भरलेली असते, आणि तिचें मोल लॅपटॉपच्या किंमतींतच धरलेलें असतें. परंतु एका प्रतीवरून हजार प्रती काढणें हें संगणकास क्षणाचें काम. म्हणून ही प्रत रीतसर आहे कीं चोरीची, याची खातरजमा कंपनी इंटरनेटवरून करून घेते. या खातरजमेचें नांव ॲक्टिव्हेशन. घरगुती विंडोजांत ही पद्धत सुरू झाली ती २००१ सालच्या विंडोज एक्सपीपासून.

पूर्वीं लॅपटॉपच्या पाठीवर एक चकचकीत चिठ्ठी चिकटविलेली असे. तिजवर पंचवीस चिन्हांची किल्ली, पांच-पांचांचे पांच गट पाडून छापलेली. एक्सपीच्या काळच्या या किल्ल्यांत एक मौज आहे. त्यांत एकंदर २४ चिन्हेंच येत, १७ अक्षरें व ७ आंकडे. इंग्रजींतील पांचहि स्वर वगळलेले. शून्य, एक यांसारखीं घोटाळ्यांत पाडणारीं चिन्हेंहि वगळलेलीं. स्वरच नाहींत म्हटल्यावर त्या किल्लीचा उच्चार करणें कोणा वैयाकरणासहि साधावयाचें नाहीं! २४ चिन्हें २५ जागीं मांडावयाचीं तर किती प्रकार संभवतील, तें आम्हीं कागदावर करून पाहिलें. आपल्याकडील गणनेंतील शेवटची संख्या परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यें. परार्धास परार्धानें गुणावें व आलेल्या संख्येची तिप्पट करावी; हे प्रकार त्याहूनहि थोडे अधिक भरतात. त्यांत खऱ्या किल्ल्या त्या मानानें मूठभर. अंदाजानें खरी किल्ली सांपडण्याची आशा करणें म्हणजे समुद्रांत टाकलेली मोहोर शोधण्यासारखेंच आहे.

परंतु चिठ्ठी झिजे, फाटे, दुसरा कोणी ती उतरवून घेई. म्हणून २०१२ सालच्या विंडोज ८ पासून कारखानदार ही किल्ली यंत्राच्या मुख्य फलकावरील कायम स्मृतींत कोरून ठेवूं लागले. ती डोळ्यांना दिसत नाहीं. डिस्क पुसली तरी पुसली जात नाहीं. डिस्कच बदलली तरी जागची हालत नाहीं. त्या यंत्रांत विंडोजची योग्य आवृत्ति पुन्हां भरली तर ती किल्ली ती आपणच वाचते, इंटरनेट मिळतांच कंपनीच्या यंत्राशीं चार शब्द बोलते, आणि काम संपतें. २०१५ सालच्या विंडोज १० पासून कंपनीच्या दप्तरींहि त्या यंत्राची नोंद राहूं लागली. तिला डिजिटल लायसन्स म्हणतात.

येथें 'योग्य आवृत्ति' हे शब्द महत्त्वाचे. आमच्या जुन्या यंत्राची किल्ली 'होम' नांवाच्या आवृत्तीची होती. दुकानदारानें भरली ती 'प्रो'. एका कुलुपाची किल्ली दुसऱ्यास कशी लागावी? मग त्यानें तें कुलूप उघडलें कसें, असें आम्हीं विचारलें. नात म्हणाली, "उघडलेंच नाहीं, आबा; दारच मोडलें."

तो प्रकार असा. ज्या संस्थांत पुष्कळ संगणक असतात तेथें प्रत्येकाची निराळी खातरजमा करीत न बसतां संस्थेच्या आंतच एक यंत्र दरवान म्हणून नेमतां येतें. या व्यवस्थेस निदान २५ संगणक लागतात, आणि दरवानानें दिलेली मान्यता १८० दिवसच टिकते. मग ती नवी करून घ्यावी लागते. चोरटे लोक या दरवानाचें सोंग घेणारी एक आज्ञावली तुमच्याआमच्या घरगुती यंत्रांत घुसवितात. तें सोंग उघडकीस येऊं नये म्हणून यंत्राचें रक्षण करणारी आज्ञावली बंद करून ठेवितात. म्हणजे खोटा दरवान नेमावयाचा, आणि त्यासाठीं खऱ्या पहारेकऱ्यास रजा द्यावयाची! अशा उघड्या दारानें पुढें कोण कोण आंत आलें, याचा पत्ता घरधन्यास कसा लागावा? पुष्कळदां तर त्या सोंगाच्या पोटांतच विष भरलेलें असतें.

कस्तुरी मृगाच्या स्वतःच्याच नाभींत असते आणि तो वेडा तिच्या वासानें सारें रान धुंडाळतो, हा दृष्टान्त आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितला असेल त्याची गणती नाहीं. जी वस्तु आमच्या यंत्राच्या पोटांत होती, जिचें मोल आम्हीं आधींच दिलें होतें, तीच आम्हीं बाराशें रुपये मोजून चोरीच्या रूपानें विकत घेतली, आणि वर त्या चोरीस आशीर्वाद दिला. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

तलावाच्या पाळीवर

दुसरे दिवशीं भाऊबीज. ओवाळणी, जेवणें आटोपल्यावर नात, तिचा धाकटा भाऊ व आम्ही असे तिघे तलावाच्या पाळीवर गेलों. आमचा जिल्हा तलावांचा म्हणून प्रसिद्ध आहे. मालगुजारांच्या काळचे हे तलाव, सरकारी कागदांतील 'माजी मालगुजारी तलाव', लोकांच्या तोंडीं 'मामा तलाव' झाले आहेत. आणि ते बांधणाऱ्यांत येथील कोहळी समाजाचें नांव मोठें आहे. पाळ उंच असल्यामुळें तेथें मोबाईलच्या चार रेघा येतात. गांवांतील तरुण मंडळी संध्याकाळीं पाळीवर कां जमते, याचा उलगडा आम्हांस त्या दिवशीं झाला.

नातीनें आपल्या मोबाईलचें इंटरनेट लॅपटॉपास जोडून दिलें. काल अडून बसलेलें यंत्र चालूं लागलें. लगेच त्यानें एक लांबलचक करारपत्र पुढें केलें व खालीं 'मान्य' असें बटण दाखविलें. नात तें दाबणार तोंच आम्हीं तिचा हात धरला. न वाचतां सही करूं नये, हें आम्हीं चाळीस वर्षें मुलांना सांगत आलों. तेव्हां आम्ही तें वाचावयास बसलों, आणि नातू कंटाळून खेकडे शोधावयास गेला.

करारपत्राचें सार असें कीं ही प्रणाली आपणांस विकलेली नाहीं. ती वापरण्याची परवानगी दिलेली आहे, आणि ती परवानगी या एका यंत्रापुरती आहे. हें वाचून आम्हांस अरण्याच्या दारावरील प्रवेशपत्राची आठवण झाली. पाहुणे घरबसल्या नोंदणी करतात. प्रवेशपत्रावर त्यांचीं नांवें असतात. दारावर पहारेकरी ओळखपत्र ताडून पाहतो व मगच फाटक उघडतो. तें प्रवेशपत्र शेजाऱ्यास देतां येत नाहीं. दिलें तरी फाटक उघडत नाहीं. कारखान्यांत भरलेली विंडोज ही तशीच त्या एका यंत्राच्या नांवची आहे. लॅपटॉप दुसऱ्यास दिला तर ती त्याच्याबरोबर जाते. मुख्य फलक बदलला तर ओळख पटत नाहीं व कारखानदाराकडे दाद मागावी लागते.

करार मान्य झाल्यावर यंत्रानें खातें विचारलें. नातीनें तें स्वतःच्या नांवानें उघडलें, संकेतशब्द स्वतः घातला. मग यंत्र नव्या सुधारणा उतरवून घेऊं लागलें. येथें मात्र आमच्या धीराची परीक्षा झाली. सूर्य रानाकडे कलला, बगळे परतूं लागले, विजेऱ्याचा आंकडा ७१ वरून ३४ वर आला, आणि घरीं वीज आलेली असेल कीं नाहीं याचा कोणास पत्ता नाहीं. ३० वर आंकडा आला असतां पडदा उघडला. नातीनें सेटिंग्ज उघडल्या, त्यांत सिस्टिम, त्यांत ॲक्टिव्हेशन. आम्हीं चष्मा पुसला. तेथें लिहिलें होतें: ॲक्टिव्ह.

"तूं केव्हां केलेंस?" आम्हीं विचारलें.

"मीं कांहींच केलें नाहीं, आबा. नेट मिळालें तेव्हांच त्यानें आपलें आपण केलें."

ज्या कामासाठीं पंधराशें रुपये मागितले जात होते, तें काम करावें असें तेथें कांहीं नव्हतेंच. घरीं आल्यावर बंधूंनीं सर्व ऐकून घेतलें, क्षणभर विचार केला, आणि वांचलेल्या पैशांत नातीस एक चांगलीशी पिशवी घेऊन द्यावी अशी सूचना केली. ती एकमतानें मान्य झाली.

वाचकांस चार सूचना

ज्यांच्या घरीं असें यंत्र नव्यानें येईल त्यांच्यासाठीं आम्हांस कळलेल्या कांहीं गोष्टी येथें नमूद करितों.

पहिली गोष्ट, नोंदणी व ॲक्टिव्हेशन हीं एक नव्हेत. ॲक्टिव्हेशन म्हणजे विंडोजच्या प्रतीची खातरजमा. ती आपोआप होते. नोंदणी म्हणजे लॅपटॉपच्या कारखानदारास आपलें नांव, पत्ता व खरेदीची तारीख कळविणें. ती न केली म्हणून विंडोज अडत नाहीं. परंतु हमीच्या काळांत दुरुस्तीचा प्रसंग आला तर ती उपयोगी पडते. पावती मात्र दोन्ही प्रकारीं जपून ठेवावी.

दुसरी गोष्ट खात्याची. दुकानदारास "तुम्हीच सर्व करून द्या" असें म्हटलें म्हणजे कित्येकदां तो आपल्याच ईमेलनें खातें उघडतो. यांत फार मोठा धोका आहे. आजकालच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्कवरील सर्व मजकूर गुप्त लिपींत ठेवला जातो. कधीं यंत्र बिघडलें व त्यानें विचारलें, तर तो मजकूर परत मिळविण्यासाठीं ४८ आंकड्यांची एक निराळी किल्ली लागते, आणि ती किल्ली ज्याचें खातें त्याच्या खात्यांत जाऊन बसते. दुकानदाराच्या खात्यांत आपल्या घराची किल्ली! म्हणून खातें घरांतील माणसाच्याच नांवें असावें, आणि ते ४८ आंकडे कागदावर उतरवून दागिन्यांच्या डब्यांत ठेवावे. आमच्या सूनबाईंनीं तसेच ठेविले आहेत.

तिसरी गोष्ट, कांहीं लॅपटॉपांबरोबर लेखन व हिशेब यांसाठीं ऑफिस नांवाच्या आज्ञावल्याहि दिलेल्या असतात. त्यांची खातरजमा निराळी, आणि तिला मुदत असते. ती मुदत पाहून वेळेवर काम करावें. आणि एकदां ज्या खात्यावर ती नोंदली गेली त्याच खात्याची ती होते, हें ध्यानांत ठेवून खातें निवडावें.

चौथी गोष्ट, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत खालीं "ॲक्टिव्हेट विंडोज" अशीं पुसट अक्षरें कायम दिसूं लागलीं तर कोठें तरी चुकलें आहे असें समजावें. बहुतेक वेळां भलत्या आवृत्तीची विंडोज भरलेली असते. अशा वेळीं आपल्या यंत्राबरोबर होम आली होती कीं प्रो, हें पावतीवरून पाहावें व तीच भरून घ्यावी. बाजारांत दोन-चारशें रुपयांत नुसती किल्ली विकणारे भेटतात. त्यांच्या वाटेस जाऊं नये.

कायदा व दुसरा मार्ग

आपल्या प्रतिलिप्यधिकाराच्या कायद्यांत, म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट ॲक्टांत, ६३-ब हें कलम आहे. संगणकाची आज्ञावली चोरीची आहे हें ठाऊक असून ती संगणकावर वापरणें हा त्याप्रमाणें गुन्हा ठरतो. त्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यांत असें ठरविलें कीं तबकडीवर भरून बाजारांत विकलेली आज्ञावली हा विक्रीकराच्या दृष्टीनें 'माल' आहे. आणि २०२१ सालीं दुसऱ्या एका प्रकरणांत असेंहि स्पष्ट केलें कीं ती घेणाऱ्यास वापरण्याची परवानगी मिळते, मूळ प्रतिलिप्यधिकार नव्हे. पुस्तक आपलें, पण त्याच्या प्रती छापून विकण्याचा हक्क आपला नव्हे; तसेंच हें.

आम्हीं २०२१ सालीं जें घेतलें तें चोरीचें आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें, हें खरें. परंतु पावती मागावी हेंहि आम्हांस सुचलें नाहीं. परीक्षेंत शेजाऱ्याच्या पाटींत डोकावणाऱ्या मुलास आम्हीं आयुष्यभर बांकावर उभें केलें. घरांतील चोरी दिसावयास मात्र आम्हांस चार वर्षें लागलीं, आणि ती दाखविली ती आमच्या नातीनें.

ज्यांना हा किल्ल्याकुलुपांचा व्यापच नको असेल त्यांना दुसरा प्रामाणिक मार्ग आहे. फिन्लंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स नांवाच्या प्रणालीचा गाभा रचला व तो जगास मोकळा करून दिला. तीवरून बनलेल्या अनेक प्रणाली मुक्त आहेत. त्यांच्या प्रती काढाव्या, वाटाव्या, त्यांत सुधारणा कराव्या. ॲक्टिव्हेशन म्हणून कांहीं नाहीं. पुण्यास मुख्य ठाणें असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें 'बॉस' नांवाची अशीच एक प्रणाली भारतीय भाषांसह तयार केली आहे, आणि केरळांतील शाळांनीं फार वर्षांपूर्वींच मुक्त प्रणालींचा अंगीकार केला. नातीच्या महाविद्यालयांतील कांहीं आज्ञावल्या विंडोजवरच चालतात, म्हणून आम्ही या वाटेनें गेलों नाहीं. परंतु ज्यांस केवळ लिहावयाचें, वाचावयाचें व पत्रव्यवहार करावयाचा आहे त्यांनीं तिचा अवश्य विचार करावा. चोरून राजवाड्यांत राहण्यापेक्षां धर्मशाळेंत उजळ माथ्यानें राहिलेलें बरें.

कपाटांतील यंत्र

नागपुरास जाण्यापूर्वीं शनिवारीं नातीनें कपाटांतून आमचें जुनें यंत्र मागून घेतलें. आंतील डिस्क काढून तिनें कागदांत गुंडाळली, तिजवर तारीख घातली व म्हणाली, "ही टाकूं नका." कारण तिनें असें सांगितलें कीं युरोपांतील पोलीस व कांहीं संगणकरक्षक कंपन्या यांनीं मिळून २०१६ सालीं 'नो मोअर रॅन्सम' नांवाचें कार्य सुरू केलें आहे, चोरटे पकडले गेले वा त्यांच्या किल्ल्या हातीं लागल्या कीं तेथें त्या फुकट दिल्या जातात. आमच्या कुलुपाची किल्ली अजून तेथें आलेली नाहीं. येईल तेव्हां येईल.

मग तिनें एक नवी डिस्क बसविली व विंडोज १० ची होम आवृत्ति भरली. विंडोज १० चा सर्वसाधारण सांभाळ कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबविला आहे, आणि आमचें यंत्र जुन्या बनावटीचें असल्यानें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीं. म्हणून त्यावर इंटरनेट चालवावयाचें नाहीं, केवळ लिहावयाचें, असें तिनें आम्हांस बजावलें. एकदांच, खातरजमेपुरतें, पाळीवर नेऊन तें जोडलें. आम्हीं सेटिंग्ज उघडल्या. ॲक्टिव्ह! नऊ वर्षें ती किल्ली तेथेंच होती. चोरानें वरून काय काय भरलें, दुसऱ्या चोरानें कुलूप घातलें, पण तिला कोणाचाहि हात लागला नव्हता.

आम्हीं पुन्हां सुरुवात केली आहे. रद्दींतून चुकून राहिलेल्या तीन वह्या माळ्यावर सांपडल्या. त्यांत सहाशेंच्या आसपास शब्द आहेत. उरलेल्यांसाठीं आतां आम्ही सकाळीं काठी घेऊन निघतों. ज्या आज्या गेल्या त्यांच्या सुना आतां आज्या झाल्या आहेत, त्यांना विचारतों. कांहीं शब्द त्यांना आठवतात, कांहीं आठवत नाहींत. नातू बरोबर येतो व वही धरतो. रात्रीं जें उतरेल त्याच्या आतां दोन प्रती निघतात, एक बाहेरच्या डिस्कवर व एक नातीकडे नागपुरास. आणि वही कोणी रद्दींत घालावयाची नाहीं असा घरांत नवा नियम झाला आहे. हा नियम मात्र आम्हीं लिहूनच भिंतीवर लावला आहे.